निरोगी कुत्र्याची नोंदवही

आजारी कुत्रा ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. तो जेवत नाही, कोपऱ्यात पडून राहतो, हाक मारली की शेपटी हलवतो पण उठत नाही. काहीतरी बिनसलंय हे घरातल्या लहान मुलालाही कळतं. पंचाईत एवढीच, की हे कळेपर्यंत आजार बऱ्याचदा पुष्कळ पुढे गेलेला असतो. कुत्री दुखणं अंगावर काढतात. मूत्रपिंडांची निम्म्याहून बरीच जास्त क्षमता गेली तरी ती खातात, पितात, दारापर्यंत धावत येतात. दाढ किडून मुळाशी पू झालेला कुत्रा जेवण टाकत नाही. फक्त एका बाजूने चावायला लागतो.

म्हणून लक्षणांची यादी पाठ करण्याआधी एक काम करावं. कुत्रा ठणठणीत असतानाच त्याची मापं घेऊन ठेवावीत. डॉक्टर त्याला पंधरा-वीस मिनिटं पाहतात, तेही परक्या टेबलावर, भेदरलेल्या अवस्थेत. त्याचा रोजचा श्वास, रोजची भूक, रोजची चाल घरच्यांनाच ठाऊक असते. पण ‘ठाऊक असणं’ आणि ‘लिहून ठेवलेलं असणं’ यांत फरक आहे. ‘हल्ली जरा जास्त पाणी पितो’ या वाक्याचं डॉक्टर फार काही करू शकत नाहीत. ‘आधी दिवसाला ८०० मिली प्यायचा, आता दोन लिटर पितो’ या वाक्यावर तपासण्या सुरू होतात.

पहिलं माप तापाचं. नाक ओलं तर कुत्रा बरा आणि कोरडं तर ताप, ही समजूत पुराव्यांनाही दाद देत नाही. झोपून उठलेल्या निरोगी कुत्र्याचं नाक कोरडं असतं, आणि गंभीर आजारी पिल्लाचं ओलं असू शकतं. अंगाला हात लावूनही काही कळत नाही, कारण कुत्र्याचं शरीर मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं: १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस. ताप मोजायचा तो साध्या डिजिटल थर्मामीटरने, गुदद्वारातून. टोकाला पेट्रोलियम जेली लावायची, एकाने डोकं आणि छाती धरायची, दुसऱ्याने शेपटी उचलून टोक दोन-तीन सेंटिमीटर आत सरकवायचं आणि हलकेच एका बाजूला टेकवायचं. टोक शीमध्ये रुतलं तर आकडा कमी येतो. धावून आलेल्या किंवा घाबरलेल्या कुत्र्याचं तापमान तसंही चढतं, त्यामुळे अर्धा तास शांत पडू द्यावं. त्यानंतरही १०३ च्या वर असेल तर ताप समजावा. ९९ च्या खाली गेलेला आकडाही तितकाच वाईट, विशेषतः पिल्लांमध्ये. थर्मामीटर कुत्र्यासाठी वेगळा ठेवावा, हे सांगायला नकोच.

दुसरं माप श्वासाचं. ते गाढ झोपेत घ्यायचं. छाती वर जाऊन खाली आली की एक. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं. पाय झाडत, स्वप्नात भुंकत असेल तेव्हाची मोजणी धरायची नाही. निरोगी कुत्र्याचा झोपेतला श्वास मिनिटाला ३० च्या आत असतो, पुष्कळांचा २० च्या आसपास. हृदयाचा आजार असलेल्या कुत्र्याच्या फुफ्फुसांत पाणी साचायला लागलं की खोकला येण्याआधी बऱ्याचदा हा आकडा वाढतो. झोपेतला श्वास पुन्हा पुन्हा ३० च्या वर गेला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नये. एवढी स्वस्त आणि एवढी उपयोगी तपासणी दुसरी नाही.

तिसरं, हिरड्या. वरचा ओठ उचलून पाहिलं तर त्या गुलाबी आणि ओलसर दिसायला हव्यात. बोटाने दाबा, तिथे पांढरा डाग पडेल आणि तो दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होईल. वेळ लागला तर रक्ताभिसरण मंदावलंय. फिकट हिरड्या रक्त कमी झाल्याचं किंवा शॉकचं, म्हणजे रक्ताभिसरण कोसळल्याचं लक्षण, पिवळ्या काविळीचं, निळसर म्हणजे प्राणवायू कमी पडतोय, आणि विटेसारख्या लाल झाल्या तर उष्माघात किंवा रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. पुष्कळ कुत्र्यांच्या हिरड्या जन्मजात काळ्या असतात. त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. आणि हे आज, सगळं ठीक असताना पाहावं, म्हणजे ‘फिकट’ म्हणजे किती फिकट हे नंतर ठरवता येईल.

पाण्याचं आणि वजनाचं माप सोपं आहे. सकाळी मापून पाणी भरायचं, दुसऱ्या दिवशी उरलेलं वजा करायचं. दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर पाणी जात असेल, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याने दोन लिटर ओलांडले, तर मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) किंवा गर्भाशयात पू यांपैकी काहीतरी शोधावं लागतं. पाणी कमी करून लघवी कमी होईल या आशेने भांडं उचलून ठेवणारे लोक असतात. मूत्रपिंडं लघवी घट्ट करू शकत नाहीत म्हणून तो पितोय. भांडं उचललं तर तो सुकतो आणि आजार बळावतो. वजन महिन्यातून एकदा, शक्यतो एकाच काट्यावर. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. २० किलोच्या कुत्र्याचं किलोभर वजन विनाकारण उतरलं तर डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसतं.

या मापांच्या जोडीला आठवड्यातून एकदा दहा मिनिटं नुसते हात फिरवायचे. डोक्यापासून शेपटीपर्यंत, केसांच्या उलट दिशेने. कानांच्या आत, बगलेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यांत. मादी असेल तर स्तनांच्या दोन्ही रांगा चिमटीत धरून, शेवटच्या जोडीपर्यंत, कारण गाठी तिथे जास्त होतात. गाठ सापडली तर जागा, आकार आणि तारीख लिहायची. गाठ चरबीची आहे की कॅन्सरची हे बोटांना कळतं असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. सुईने पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर ते कळतं.

आता आजारांकडे. पोटापासून सुरुवात करू, कारण डॉक्टरांकडे नेण्याचं नेहमीचं कारण तेच. उलटी आणि अन्न नुसतं वर येणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. उलटीत पोट आवळतं, लाळ सुटते, ढवळून येतं. खाल्लेलं अन्न काही प्रयत्न न होता जसंच्या तसं बाहेर पडलं तर दोष जठरात नसून अन्ननलिकेत असू शकतो, आणि मग तपासण्याही वेगळ्या. मोठ्या, एरवी धडधाकट कुत्र्याला एकदा उलटी झाली आणि नंतर तो नेहमीसारखा वागत असेल तर काही तास अन्न थांबवून, थोडं थोडं पाणी देऊन वाट पाहता येते. पण दिवसात तीनपेक्षा जास्त उलट्या, प्यायलेलं पाणीही न टिकणं, रक्त, फुगलेलं पोट किंवा मलूलपणा यांपैकी काही दिसलं तर वाट पाहू नये. पिल्लाला उपाशी ठेवायचंच नाही. त्याच्या रक्तातली साखर काही तासांत घसरते.

आणि पिल्लू उलट्या करतंय, त्याला जुलाब होताहेत, तेही लस पूर्ण न झालेलं, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत पार्व्हो समजून चालावं. हा विषाणू १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात उगवला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. आतड्याच्या अस्तरातल्या आणि अस्थिमज्जेतल्या वेगाने वाढणाऱ्या पेशी तो मारतो. त्यामुळे दोन आघात एकदम होतात: आतड्याची भिंत उघडी पडून जंतू रक्तात शिरतात, आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नेमक्या तेव्हाच संपलेल्या असतात. संसर्गानंतर तीन ते सात दिवसांत पिल्लू आधी गप्प होतं, मग उलट्या, मग रक्ताचे, अतिशय उग्र वासाचे जुलाब. विषाणूवर थेट औषध सहसा हाताशी नसतं. सलाईन, उलटी थांबवणारी औषधं, प्रतिजैविकं आणि लवकर सुरू केलेलं अन्न यांवर पिल्लू जगवायचं असतं. वेळेत भरती केलेली बहुतेक पिल्लं वाचतात, उपचार न मिळालेली बहुतेक मरतात. घरी साखर-मिठाचं पाणी पाजत राहणं हा उपचार नव्हे, कारण ते पोटात टिकतच नाही.

पार्व्होचा विषाणू जमिनीत, फटींत, भांड्यांवर महिनोन्‌महिने तग धरतो, आणि नेहमीच्या फिनाइलने किंवा साबणाने मरत नाही. आधी घाण पूर्ण धुऊन काढायची, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी असं ताजं द्रावण किमान दहा मिनिटं ओलं राहील असं पसरायचं. घाण न काढता ब्लीच ओतलं तर ते घाणीवरच खर्ची पडतं. ब्लीच दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळायचं नाही.

‘आम्ही तर लस दिली होती’ हे वाक्य पार्व्होच्या प्रत्येक वॉर्डात ऐकू येतं, आणि ते बहुधा खरंही असतं. चूक वेळापत्रकात असते. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून संरक्षक प्रथिनं मिळतात. ती पहिले काही आठवडे त्याला वाचवतात, पण लसही निकामी करतात. पुढे ती हळूहळू कमी होतात आणि मधे असा एक काळ येतो, की ती खऱ्या विषाणूला अडवायला अपुरी आणि लसीला अडवायला पुरेशी असतात. हा काळ कुठल्या पिल्लात कधी येईल हे सांगता येत नाही. एकाच विणीतल्या दोन पिल्लांतही तो वेगळा असतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी लस द्यायची आणि शेवटचा डोस वयाच्या सोळा आठवड्यांनंतरच पडेल असं पाहायचं. बारा आठवड्यांनाच कार्ड ‘पूर्ण’ म्हणून बंद केलं, तर काही पिल्लं लस घेऊनही उघडी राहतात. ‘वर्ल्ड स्मॉल अॅनिमल व्हेटरनरी असोसिएशन’ आता सव्वीस आठवड्यांना किंवा त्यानंतर आणखी एक डोस सुचवते, तो याच पिल्लांसाठी. त्यानंतर पार्व्हो, डिस्टेंपर आणि ॲडिनोव्हायरसची (यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूची) लस तीन वर्षांतून एकदाहून जास्त लागत नाही. लेप्टोस्पायरोसिसची मात्र दर वर्षी, कारण तिचं संरक्षण जेमतेम तेवढंच टिकतं. उंदरांची लघवी मिसळलेल्या साचल्या पाण्यातून येणारा हा आजार कुत्र्याची मूत्रपिंडं आणि यकृत बिघडवतो, आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होतो. काविळीच्या कुत्र्याची लघवी हातमोजे घालून पुसावी.

डिस्टेंपरबद्दल थोडंच, पण महत्त्वाचं. तो गोवराच्या विषाणूचा भाऊबंद. डोळ्यांतून आणि नाकातून घट्ट स्राव, खोकला, ताप, जुलाब, पुढे पंजांच्या गाद्या कडक होणं. मग कुत्रा सुधारल्यासारखा वाटतो, आणि काही आठवड्यांनी जबडा च्युइंगम चघळल्यासारखा आपोआप हलायला लागतो, पायाचे स्नायू ठेका धरून उडायला लागतात. तिथून परतणारे थोडे. सर्दी समजून आठवडा घालवण्याजोगा हा आजार नाही.

रेबीजमध्ये मात्र चर्चेला जागाच नाही. लक्षणं सुरू झाली की कुत्रा मरतो आणि ज्याला चावला त्याला वेळेत लस मिळाली नाही तर तोही. पिसाळलेला कुत्रा पाण्याला घाबरतो ही समजूत धोक्याची आहे. पाण्याची भीती माणसाच्या आजारात दिसते, कुत्र्यात नाही. पिसाळलेला कुत्रा पाण्यात तोंड घालतोही, त्याला गिळता येत नाही एवढंच. शांत कुत्रा अचानक आक्रमक होणं हे एक रूप. दुसरं रूप ‘मुकं’: जबडा लटकतो, लाळ गळते, आवाज बदलतो. घशात हाड अडकलंय असं वाटून घरचे तोंडात हात घालतात, आणि संसर्ग नेमका तिथे होतो. अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कुत्र्याला पहिली लस साधारण बारा आठवड्यांना, मग वर्षाने, पुढे लसीच्या प्रकारानुसार आणि तिथल्या कायद्यानुसार. घराबाहेर न जाणाऱ्या कुत्र्यालाही.

आता गोचीड. उष्ण हवेत पाळीव कुत्र्यांचं सगळ्यात जास्त नुकसान तीच करते आणि तिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, असं माझं मत. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड तीन टप्प्यांत वाढते. प्रत्येक टप्प्याला कुत्र्यावर चढते, रक्त पिते, खाली पडते, कात टाकते आणि पुन्हा चढते. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरून भिंतीच्या फटीत, दरवाजाच्या चौकटीत, पलंगाखाली अंडी घालते, एका वेळी हजारांच्या घरात. म्हणजे कुत्र्यावर दिसतात त्या थोड्या. बाकीच्या घरात आहेत. आणि न खाता त्या कित्येक महिने जगतात. ‘औषध लावलं, तरी महिन्याने पुन्हा गोचीड’ ही तक्रार यातूनच येते. औषध लागू पडलेलं असतं, पण फटीतली पुढची पिढी आता वर आलेली असते. म्हणून निदान तीन-चार महिने एकही डोस न चुकवता औषध चालू ठेवायचं आणि घरातल्या सगळ्या कुत्र्यांना एकदम द्यायचं, तेव्हा कुठे ही साखळी तुटते.

औषधांत पर्याय आहेत. महिन्याला किंवा तीन महिन्यांना एकदा द्यायच्या गोळ्या खात्रीच्या, पण कुत्र्याला आकडी येत असेल तर आधी डॉक्टरांना सांगावं. पाठीवर सोडायचे थेंब केस बाजूला करून थेट कातडीवर पडायला हवेत. केसांवर पडले तर वाया जातात. त्याआधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं कुठलंही औषध आणू नये. कुत्र्याला ते चालतं, मांजराला मारतं. कोली जातीच्या आणि तिच्या संकरातल्या पुष्कळ कुत्र्यांमध्ये एका जनुकातल्या दोषामुळे आयव्हरमेक्टिन हे परजीवींवरचं औषध मेंदूपर्यंत पोचतं, त्यामुळे ‘शेजारच्याला दिलं, चांगलं लागू पडलं’ म्हणून टोचून घेऊ नये.

दिसलेली गोचीड टोकदार चिमट्याने, कातडीला अगदी लागून धरून, एकसारखा ताण देत सरळ ओढायची. पिळायची नाही, रॉकेल किंवा जळती काडी लावायची नाही. त्याने ती चिडून जखमेत आणखी लाळ सोडते. बोटांनी चिरडू नये. आणि फिरून आल्यावर त्याच दिवशी काढावी, कारण काही जंतू चावल्यापासून काही तासांतच रक्तात उतरतात.

या जंतूंपैकी एर्लिशिया आणि बबेसिया ही दोन नावं लक्षात ठेवावीत. एर्लिशियात ताप, मरगळ, भूक मंदावणं. बिंबिका (प्लेटलेट, रक्त गोठवणाऱ्या पेशी) घटल्यामुळे पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, कधी नाकातून रक्त. बबेसिया तांबड्या पेशी फोडतो, त्यामुळे हिरड्या फिकट किंवा पिवळ्या पडतात आणि लघवी गडद चहासारखी होते. गोचीड एकच, पण औषधं वेगवेगळी, आणि दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात. म्हणून अंदाजाने गोळ्या न देता रक्त तपासून घ्यावं. एर्लिशियासाठी डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे चालतं. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, कुत्रा खायला लागतो, आणि गोळ्या तिथेच थांबवल्या जातात. उरलेला जंतू महिनोन्‌महिने गुपचूप राहून अस्थिमज्जा गाठतो, आणि त्या टप्प्यातला कुत्रा वाचवणं अवघड. गोळी अन्नासोबत द्यावी. कोरडी गिळवली तर अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण होतो.

पिसवांचं गणित गोचिडीसारखंच. अंगावर दिसतात त्या एकूण संख्येच्या पाचेक टक्के, बाकी अंडी, अळ्या, कोश अंथरुणात. केसांतली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर दाबा. तांबडा डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. शेपटीच्या मुळाशी खाजवून केस गेलेले असतील तर आधी पिसवांचा संशय घ्यावा. पिसू गिळली की पट्टकृमी होतात, त्यांचे तांदळासारखे तुकडे गुदद्वाराभोवती दिसतात. गोलकृमी तर आईच्या पोटातूनच पिल्लात येतात, म्हणून जंतांचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी आठव्या आठवड्यापर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, पुढे किमान तीन महिन्यांतून एकदा. बसल्या जागी ढुंगण घासत सरकणं म्हणजे जंत असं लोक धरून चालतात. बहुतेक वेळा गुदग्रंथी तुंबलेल्या असतात. हृदयातले जंत डासांमुळे होतात. त्यांचं महिन्याचं औषध फक्त नुकत्याच शिरलेल्या अळ्या मारतं. म्हणून खंड पडला असेल तर आधी रक्ततपासणी, आणि सहा-सात महिन्यांनी पुन्हा, कारण तपासणीत दिसायला जंत तेवढे वाढावे लागतात.

कातडीबद्दल एवढंच, की खाज हे लक्षण आहे, निदान नाही. कानाच्या कडा आणि कोपरं खाजवून लाल झाली तर खरूज, तोंडाभोवती खाज नसलेले टक्कल पडलेले डाग तर डेमोडेक्स (केसांच्या मुळाशी राहणारा सूक्ष्म किडा), पंजे चाटून तांबूस झालेले केस तर ॲलर्जी. पण कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय मलम लावू नये. स्टिरॉइडच्या मलमाने खाज थांबते आणि डेमोडेक्स फोफावतो. कानाची नळी आधी खाली आणि मग आत वळते, त्यामुळे कापसाच्या काडीने मळ बाहेर न येता वळणाशी ठासला जातो. कान धुण्याचं द्रावण नळीत भरायचं, मुळाशी अर्धा मिनिट चोळायचं, त्याला डोकं झाडू द्यायचं आणि वर आलेलं कापसाने टिपायचं. डोकं एका बाजूला कललेलं असेल किंवा तोल जात असेल तर कानात काहीच घालू नये. पडदा फाटलेला असू शकतो.

काही दुखणी तासांवर मोजायची असतात. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याचं पोट फुगलं, तो अस्वस्थ फिरतोय, ओकायला बघतोय पण काही पडत नाही, तर जठराला पीळ पडलाय. यावर घरी करण्यासारखं काही नाही. शस्त्रक्रिया होईल अशा ठिकाणी फोन करून निघायचं. नसबंदी न झालेली मादी माज संपल्यावर दोन ते आठ आठवड्यांत खूप पाणी प्यायला लागली, जेवेनाशी झाली, तर गर्भाशयात पू झालाय असं समजून सोनोग्राफी करावी. योनीतून स्राव दिसेलच असं नाही. तोंड बंद असलेलं गर्भाशय जास्त धोक्याचं, कारण पू आतच साठतो. नसबंदी न केलेल्या माद्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा वयाच्या दहा वर्षांपर्यंत या आजाराला सामोरा जातो. नसबंदीविषयी घरात वाद होतात तेव्हा हा आकडा क्वचितच कुणी मांडतं.

उष्माघातात आधी गार करायचं आणि मग न्यायचं. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही, तो धापेतूनच उष्णता टाकतो. चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट जमत नाही. घरघरती धाप, चिकट लाळ, लाल हिरड्या, झोकांड्या दिसल्या की सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतत राहायचं आणि वारा घालायचा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवला तर तो उलट उष्णता कोंडतो. तापमान १०३ वर आलं की थांबायचं, नाहीतर ते खाली घसरत जातं. सावरलेला दिसला तरी तपासून घ्यावा. रक्त गोठण्यातले आणि मूत्रपिंडांचे बिघाड एक-दोन दिवसांनी वर येतात.

माणसांच्या औषधांचा डबा कुत्र्यासाठी उघडायचा नाही. आयब्युप्रोफेनने जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडं जातात, पॅरासिटामॉलने यकृत. गोडवा आणणारं झायलिटॉल अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर पाडतं. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण ही यादी आता बहुतेकांना माहीत असते. उंदरांच्या विषाचं मात्र फसवं आहे. रक्त गोठू न देणारं विष खाल्लेला कुत्रा तीन-चार दिवस अगदी बरा दिसतो आणि मग आतून रक्तस्राव सुरू होतो. खाताना पाहिलं असेल तर लक्षणांची वाट न पाहता विषाचं पाकीट घेऊन निघावं. मीठ पाजून उलटी करवू नये, मिठाचीच विषबाधा होते.

रोजच्या रोज करण्याजोग्या दोनच गोष्टी. एक, दात घासणं. चिकट थर दोन-तीन दिवसांत कडक होतो आणि मग ब्रशने निघत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा घासण्याचा फारसा उपयोग नाही. पेस्ट कुत्र्यांसाठीची. बाहेरची बाजू घासली तरी पुरे. दुसरी, अन्न मोजून देणं. मूठ आवळून बोटांच्या पेरांवरून हात फिरवा. बरगड्या तशा लागल्या तर कुत्रा हाडकलाय. हात उघडा करून तळव्याच्या पाठीवरून फिरवा. तशा लागल्या तर बरोबर. तळव्याच्या मऊ भागासारख्या लागल्या तर लठ्ठ. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्राडॉर जन्मभर पाहिले गेले. आपल्या जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खाणारे कुत्रे सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले, आणि त्यांना सांधेदुखीही उशिरा आली. कुठल्याही टॉनिकची जाहिरात एवढा दावा करत नाही.

सात-आठ वर्षांनंतर सहा महिन्यांनी रक्त आणि लघवी तपासावी, आणि तरुणपणीचा एक रिपोर्ट जपून ठेवावा म्हणजे तुलना करता येते. डॉक्टरांकडे जाताना वही न्यावी. खोकला, लंगडणं, आकडी दवाखान्याच्या दारात हटकून थांबतात, म्हणून घरी मोबाइलवर चित्रण करावं. आकडी आली तर घड्याळ पाहावं, फर्निचर बाजूला सरकवावं आणि तोंडात हात घालू नये. पाच मिनिटं उलटली किंवा दिवसात दुसरी आली तर लगेच निघावं. शीचा नमुना ताजा, झाकणाच्या डबीत, चमचाभर पुरे. रात्रभर ठेवायचा झाला तर फ्रिजमध्ये ठेवावा, फ्रीझरमध्ये नको, कारण गोठलं की जंतांची अंडी फुटतात आणि तपासणीत काही सापडत नाही.